दारातली परकी गाडी : वाचकांचे प्रश्न

पार्किंगवरची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम टाळली आहेत, कारण शेजाऱ्यांशी संबंध पुढेही ठेवायचे असतात.

कोपरखैरणेत सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहतो. शेजाऱ्यांच्या दोन गाड्या आहेत. एक त्यांच्या आवारात असते, दुसरी रोज रात्री आमच्या भिंतीला लागून लावतात. कधी नुसती भिंतीपुढे, तर कधी निम्मी गेटवर. सकाळी साडेसातला मला गाडी बाहेर काढायची असते. बोलायला गेलो तर म्हणतात, "रस्ता काय तुम्ही विकत घेतलाय?" आपल्या घरासमोरची जागा आपलीच नाही का?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या जागा मिसळल्या आहेत. भिंतीपुढचा रस्ता तुमचा नाही. सेक्टरमधला आतला रस्ता सार्वजनिक आहे. 'नो पार्किंग'ची पाटी नसेल आणि वाहतूक अडत नसेल, तर तुमच्या भिंतीपुढे कोणीही गाडी लावू शकतो. शेजारीही लावू शकतो आणि अनोळखी माणूसही. यावर भांडण उकरून काढलेत तर हाती काही लागणार नाही, उलट तुमची खरी तक्रार कमजोर होईल.

गेटची गोष्ट वेगळी आहे. मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ नुसार कोणाच्याही मिळकतीचे प्रवेशद्वार अडवून वाहन उभे करता येत नाही. पाटी असो वा नसो. पदपथावरही लावता येत नाही. अशा पार्किंगला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये दंड आहे. मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी कलम १२७ खाली गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने उचलता येते किंवा तिला जॅमर लावता येतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून घेतला जातो. म्हणून मागणी एवढीच ठेवा : गेट मोकळे हवे. भिंतीचा विषय काढू नका.

आता "मोकळे" म्हणजे किती? इथेच बहुतेक बोलणी फसतात. शेजारी म्हणतो, "गेटवर कुठे आहे, बाजूला तर लावलीय," आणि त्याच्या डोळ्यांना ते खरेही दिसते. छोटी हॅचबॅक साडेतीन ते चार मीटर लांब आणि सुमारे पावणेदोन मीटर रुंद असते. तिला वळायला साधारण पावणेपाच ते पाच मीटरची त्रिज्या लागते. गाडी पुढे घेत वळवताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत येत नाही, आतून कापत येते. म्हणजे तुम्ही उजवीकडे वळून बाहेर पडत असाल, तर उजव्या खांबाला चिकटून उभी असलेली गाडी आडवी येते, ती गेटच्या समोर इंचभरही नसली तरी. समोरच्या कडेलाही कोणी गाडी लावली असेल तर रस्त्याची आणखी दोन मीटर रुंदी जाते आणि तीन मीटरच्या गेटातून एका दमात वळणे जमत नाही. तीन मीटरच्या गेटाला दोन्ही खांबांपासून एकेक मीटर मोकळे मिळाले तर बहुतेक घरांचे काम भागते. ज्या बाजूला तुम्ही वळता तिकडे दीड मीटर मिळाले तर उत्तम.

हे तोंडी पटत नाही, दाखवावे लागते. रविवारी सकाळी, उजेडात, मोजपट्टी आणि खडू घेऊन शेजाऱ्यांना बाहेर बोलवा. वयाने मोठे असतील तर काका म्हणा, बरोबरीचे असतील तर दादा. "दादा, गाडी इथे लावू नका असं मी म्हणतच नाही. फक्त या खुणेच्या पलीकडे लावा, म्हणजे सकाळी बेल वाजवून तुम्हाला उठवायला नको." मग गाडी त्यांच्यादेखत बाहेर काढून दाखवा. भिंतीवर, आपल्या हद्दीत, खुणेच्या सरळ रेषेत रंगाचा बोटभर पट्टा ओढून ठेवा. रस्त्यावर रंग मारू नका, तो अधिकार महापालिकेचा आणि वाहतूक पोलिसांचा आहे. रात्री अकराला दमून घरी आलेला माणूस अंदाजाने गाडी लावतो. पट्टा दिसला की अंदाज लागत नाही.

तरीही ऐकले नाही तर नोंद ठेवायला लागा. रोज तीन फोटो काढा. एकात नंबर प्लेट स्वच्छ वाचता आली पाहिजे. दुसऱ्यात गेट आणि गाडी एकत्र दिसली पाहिजेत, शक्य असेल तर गेट उघडे ठेवून. तिसरा लांबून, घराचा क्रमांक किंवा सेक्टरची पाटी येईल असा. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवरच उमटवणारे कॅमेरा ॲप वापरा. फक्त गाडीचा जवळून काढलेला फोटो पाठवला तर ती कुठे उभी होती हे कळत नाही आणि तक्रार तिथेच निकाली निघते. 'महाट्रॅफिक' ॲपवर नागरिकांना असे फोटो पाठवता येतात.

आठवडाभराचे फोटो जमले की तुमच्या भागाच्या वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या, त्याची प्रत महापालिकेच्या विभाग कार्यालयात. अर्ज एका पानाचा पुरे. त्यात गाडीचा नंबर, ठिकाण, तारखा, फोटोंच्या प्रती आणि एकच मागणी लिहा : प्रवेशद्वारासमोर 'नो पार्किंग'ची पाटी व अडवणाऱ्या वाहनावर कारवाई. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच धरले जाते. महिना उलटूनही हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून "आवक क्रमांक अमुक यावर काय कार्यवाही झाली" एवढेच विचारा. महाराष्ट्रात असा अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

घरात कोणाला दवाखान्यात न्यायचे आहे आणि गेट अडले आहे, अशा वेळी अर्जबिर्ज नाही. सरळ ११२ लावा.

नौपाड्यात आमच्या इमारतीबाहेर एक जुनी गाडी वर्षभर पडून आहे. चारही चाके बसली आहेत, काचेवर धुळीचा थर आहे, पावसात खाली पाणी साचते. समोरच्या इमारतीतल्या एकांची आहे म्हणतात, पण ते कानावर हात ठेवतात. कुठे तक्रार करायची?

आधी गाडी खरोखर हलत नाही हे सिद्ध करा. कलम १२७ मध्ये दहा तासांची अट आहे : सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस अथवा विनादेखरेख राहिलेले वाहन पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो. वाहतुकीला धोका होत असेल तर दहा तासांचीही वाट पाहावी लागत नाही. प्रश्न पुराव्याचा असतो, कारण मालक म्हणतो, "कालच फिरवून आणलीय."

त्यावर साधा उपाय चाकात हवा भरण्याच्या वॉल्व्हचा. चाक घड्याळासारखे धरा आणि पुढच्या व मागच्या चाकाचा वॉल्व्ह किती वाजल्याच्या जागी आहे ते फोटोत टिपा. समजा, पुढचा चारवर आणि मागचा नऊवर. गाडी जराशी जरी फिरून आली तरी दोन्ही वॉल्व्ह पुन्हा नेमके त्याच जागी येणे जवळजवळ अशक्य. आठ दिवसांनी तोच फोटो, त्याच कोनातून काढा. चाकाखालचा कोरडा पाला, रिमवरून रस्त्यावर उतरलेला गंजाचा ओघळ, टायर आणि डांबर यांच्यामध्ये उगवलेले गवत, हेही फोटोत घ्या. गाडीला हात लावायची गरज नाही आणि लावूही नका.

मग 'एम-परिवहन' ॲपवर नंबर टाका. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले दिसेल, पण नोंदणी कुठल्या कार्यालयाची आहे, ती केव्हापर्यंत वैध आहे, विमा चालू आहे की संपला, हे कळते. एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ नवी मुंबई, एमएच ४६ पनवेल. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. नोंदणी आणि विमा दोन्ही संपले असतील तर तसे अर्जात लिहा, त्याने अर्जाला वजन येते. नंबर प्लेटच नसेल किंवा ॲपवर भलतीच गाडी दिसत असेल, तर वाहतूक शाखेआधी पोलीस ठाण्यात जा. ती चोरीची असू शकते. चासी नंबर शोधण्यासाठी बॉनेट उघडायच्या भानगडीत पडू नका, ते काम पोलिसांचे.

अर्ज तीन ठिकाणी द्या. वाहतूक शाखा ही पहिली. दुसरे तुमच्या प्रभाग समितीचे कार्यालय, तुमच्याकडे नौपाडा-कोपरी. विषय "बेवारस वाहन हटविण्याबाबत" असाच लिहा, कारण कार्यालयात ही कामे याच नावाने चालतात. अशा गाडीवर आधी नोटीस चिकटवतात, मुदत संपली की क्रेनने उचलतात. नोटीस लागली की तिचाही फोटो काढा, पावसात ती चार दिवसांत विरघळते आणि मग "नोटीसच मिळाली नाही" असे ऐकायला मिळते.

तिसरा अर्ज बहुतेक लोक विसरतात : प्रभागातला आरोग्य आणि स्वच्छता विभाग. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पडीक गाडीत असे पाणी वायपरखालच्या पन्हाळीत साचते, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात साचते, तुटलेल्या दिव्याच्या वाटीतही साचते. आत अळ्या वळवळताना दिसल्या तर मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. गाडी गटाराच्या झाकणावर उभी असेल तर तेही स्वच्छता निरीक्षकांना कळवा. नालेसफाईच्या वेळी झाकण उघडता आले नाही तर पावसाळ्यात पाणी तुमच्याच तळमजल्यावर येणार आहे.

तुमच्या रस्त्यावर पी-१, पी-२ अशा सम-विषम तारखांच्या पाट्या असतील तर काम आणखी सोपे. ज्या तारखेला त्या बाजूला मनाई आहे त्या दिवसाचा फोटो काढा, पाटी चौकटीत येऊ द्या. मग ती सरळ 'नो पार्किंग'मधली गाडी ठरते, बेवारस ठरवण्याचा वाद उरत नाही.

गेटवर "गाडी लावल्यास हवा काढली जाईल" अशी पाटी लावावी का? आणि रस्त्यावर दोन सिमेंटच्या कुंड्या ठेवल्या तर? — वर्तकनगर

दोन्ही नको. हवा काढलेली गाडी तुमच्या दारातून जाणार कशी? उलट दोन-चार दिवस तिथेच बसते, आणि रिमवर बसलेला टायर कडेने फाटला की नुकसानीची तक्रार तुमच्यावर येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली दुसऱ्याच्या वस्तूचे जाणूनबुजून नुकसान करणे हा गुन्हा आहे, आणि धमकीची पाटी तुम्ही स्वतःच पुरावा म्हणून टांगलेली असते. ओरखडे काढणे, वायपर वाकवणे, साखळी घालणे यांनाही हेच लागू.

कुंड्या, दगड, जुने टायर, लोखंडी खुंट रस्त्यावर ठेवले की ते अतिक्रमण होते. महापालिकेच्या अधिनियमात रस्त्यावरचा असा अडथळा नोटिशीशिवाय उचलायची तरतूद आहे. कुंड्या आपल्या हद्दीत, गेटच्या आत ठेवा. पाटी लावायचीच तर "प्रवेशद्वार आहे, २४ तास वापरात" एवढीच लावा आणि खाली फोन नंबर द्या. चुकून गाडी लावणारे बरेच असतात. ते पाटी वाचून पुढे जातात.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची दुसरी गाडी आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली उभी असते. तिथे पार्किंगची खूण नाही. पहाटे इंजिन सुरू केले की धूर थेट आत येतो. सेक्रेटरी म्हणतात, "तुम्ही आपसात मिटवा."

कुंपणाच्या आतली जागा सार्वजनिक रस्ता नाही, त्यामुळे वाहतूक पोलीस सहसा हात घालत नाहीत. इथे जबाबदारी समितीची आहे, "आपसात मिटवा" हे उत्तर होऊ शकत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पार्किंगचे वाटप, खुणा, शुल्क यांचे नियम दिलेले आहेत. जागा देण्याचा अधिकार समितीचा, आणि खूण नसलेल्या जागी गाडी लावायला कोणालाच मुभा नाही. दुसरी गाडी असेल तर सर्वांना एकेक जागा देऊन उरलेल्या जागेतूनच, तीही वर्षापुरती मिळू शकते. भाडेकरूला स्वतंत्र हक्क नसतो, म्हणून पत्र फ्लॅटमालकाच्या नावे जायला हवे. ते परगावी असतील तर ईमेलनेही पाठवावे. बिल्डरने उघडी जागा "विकली" आहे अशी पावती कोणी पुढे केली तर घाबरू नका. बिल्डरला उघडे पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे.

तुमच्या तक्रारीत धुरापेक्षा मोठा मुद्दा दडला आहे, तो अग्निशमनाच्या वाटेचा. मंजूर नकाशाची प्रत सेक्रेटरींकडून मागा आणि ती खिडकीखालची पट्टी अग्निशमन गाडीच्या मार्गात येते का ते पाहा. उंच इमारतीभोवती साधारण सहा मीटरची मोकळी वाट ठेवावी लागते, त्यातली दोन मीटर एका गाडीने खाल्ली तर बंब वळत नाही. महाराष्ट्रात अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्या सुमारास हा मुद्दा लेखी मांडलात तर समितीला तो बाजूला सारता येत नाही.

तक्रार लेखी द्या. समितीने ती पुढच्या सभेत घेऊन नंतर १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. उपविधी मोडल्याबद्दल सर्वसाधारण सभा सभासदाला दंड करू शकते, आर्थिक वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत. समिती गप्पच राहिली तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा, सोबत पोच असलेली प्रत जोडा. तोवर एक विनंती भाडेकरूंना आजच करा : गाडी तोंड भिंतीकडे करून लावा. मागचा पाइप खिडकीपासून चार मीटर लांब गेला तरी तुमच्या खोलीत फरक पडेल.

आता उलट बाजूचे पत्र. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची गाडी ऐरोलीत आमच्या घराशेजारी, खरे तर शेजाऱ्यांच्या भिंतीपुढे उभी आहे. मला चालवता येत नाही, मुलगा बाहेरगावी असतो. शेजारच्या वहिनी इतके दिवस काही बोलल्या नाहीत, आता बोलतात, आणि त्यांचेही बरोबर आहे. विकायचीही हिंमत होत नाही. काय करू?

ताई, हे पत्र लिहिलेत हे फार चांगले केलेत. आज संध्याकाळी वहिनींना एवढेच सांगा की गाडीचे काम हातात घेतले आहे, महिनाभर लागेल. वाट पाहायला माणूस तयार असतो, त्याला फक्त तारीख हवी असते.

गाडी ठेवायची की काढायची हे नंतर ठरवा, आधी ती हलवता यायला हवी. ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलवा आणि त्याला सांगा की दोन वर्षे उभी आहे, लगेच सेल्फ मारू नको. बॅटरी संपलेली असणारच. चांगली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इतका काळ रिकामी राहिलेली पुन्हा चार्ज होण्याचा भरवसा नाही, बदलावी लागेल. टाकीतले पेट्रोल शिळे झाले आहे, ते काढून टाकावे. टायरमध्ये हवा भरा. दाब किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. हवा भरून टायर तासभर टिकला तर गाडी ढकलता येते. अडचण हँडब्रेकची. ओढून ठेवलेला असेल तर दोन पावसाळ्यांत मागचे ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटतात. जबरदस्तीने ओढली तर शूचे अस्तर सुटते. जॅकवर चाक उचलून ड्रमला भोवताली हलके ठोकले की बहुधा सुटतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, पूर्ण गाडी वर चढवून नेणारी सपाट ट्रकची टोइंग मागवा. आणि हलवताना किल्ली हाताशी हवी, नाहीतर स्टीअरिंग लॉक होते.

कागदांचे काम याच्या बरोबरीने चालू करा. मालक गेल्यावर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करायची, असा नियम आहे. मुदत गेली म्हणून दार बंद होत नाही, उशिराचे शुल्क भरावे लागते. मृत्यूचा दाखला, आरसी, वारस असल्याचा पुरावा, मुलाचे नाहरकत प्रतिज्ञापत्र, तुमचे ओळखपत्र, चालू विमा आणि पीयूसी लागेल. गाडीवर कर्ज होते का ते आरसीवर पाहा. असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आधी मिळवा. ऑनलाइन थकलेले ई-चलन राहिले असेल तर तेही भरून टाका.

विकायची असेल तर तुमच्या नावावर झाल्यानंतरच विका. खूप जुनी असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. ते गाडी घरून उचलून नेतात, पैसे बँकेत भरतात आणि गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र व ती मोडल्याचे भंगार प्रमाणपत्र देतात. त्या आधारे आरसी रद्द होते. गल्लीतल्या भंगारवाल्याला रोखीने देऊ नका. गाडी कापली गेली तरी कागदावर ती यजमानांच्याच नावावर जिवंत राहते, आणि तिचा नंबर किंवा चासी कुठे वापरली गेली तर पोलीस तुमच्या दारात येतील.

गाडी द्यायच्या आधी डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा, डिकीतल्या स्टेपनीखालचा खळगा मुलासोबत बसून निवांत रिकामा करा. तिथे विम्याचे जुने कागद, सर्व्हिस बुक आणि दुसरी किल्ली हमखास सापडते. एखादी त्यांची वस्तू सापडली तर ती ठेवून घ्या.